स्वप्ने, मेंदूलहरी आणि कालप्रवास: झोपलेला मेंदू वर्तमानातच असतो का?

विहंग (दादर)

कालप्रवास म्हटला की चर्चा यंत्रांकडे वळते. यान किती वेगाने न्यावे, कृष्णविवराजवळ काय होईल, असे प्रश्न निघतात. मला मात्र झोपलेल्या माणसाविषयी विचारायचे आहे. डोळे मिटून स्वस्थ पडल्यावर मेंदूत सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी उमटतात, झोप लागू लागली की ४ ते ८ आवर्तनांच्या थीटा लहरी येतात आणि गाढ झोपेत त्याहून संथ अशा डेल्टा लहरी चालतात. मग साधारण दर दीड तासाने असा काळ येतो की शरीर निपचित पडलेले असते, बुबुळे पापण्यांखाली भराभर फिरत असतात आणि मेंदूचा आलेख जवळजवळ जागेपणासारखा दिसतो. ही आरईएम झोप १९५३मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली. आपली ठसठशीत स्वप्ने बहुतांशी याच झोपेत पडतात.

आता माझी कल्पना मांडतो. साऱ्या विश्वाला लागू पडेल असा एकच ‘आत्ता’ नाही, असे सापेक्षतेचा सिद्धान्त सांगतो. त्यावरून काही तत्त्वचिंतक असे मानतात की भूत, वर्तमान आणि भविष्य हे सारेच अस्तित्वात आहे आणि आपण त्यातल्या एका बिंदूवर उभे आहोत. तसे असेल, तर जागेपणी इंद्रियांनी वर्तमानाला जखडून ठेवलेला मेंदू झोपेत सैल होतो, त्याच्या लहरींची लय बदलते आणि तो काळाच्या दोन्ही दिशांना थोडासा सरकतो, असे का म्हणू नये? स्वप्नात वर्षे निघून जातात आणि घड्याळात पाचच मिनिटे झालेली असतात. कधी स्वप्नात पाहिलेले पुढे खरोखर घडते. माझा कल या कल्पनेकडे आहे, पण ती तपासायची कशी हे मला सुचत नाही. जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी अवश्य लिहावे.

रेषा (परळ)

विहंग, मी ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, काढण्याचे काम करते, त्यामुळे तुम्ही लिहिलेल्या लहरी रोज डोळ्यांसमोरून जातात. त्या प्रत्यक्षात कशा दिसतात ते सांगते. रुग्णाच्या डोक्यावर टेपने मोजून खुणा करायच्या, केस बाजूला सारून त्वचा घासायची, चिकट पेस्ट लावून एकेक इलेक्ट्रोड बसवायचा, आणि मग सांगायचे, ‘डोळे मिटा.’ दोनतीन सेकंदांत डोक्याच्या मागच्या भागावरच्या रेघांमध्ये एकसारखी अल्फा उमटू लागते. ‘डोळे उघडा’ म्हटले की ती विस्कटते. पुन्हा डोळे मिटवून ‘शंभरातून सात वजा करत जा’ असे सांगितले, तरी पुष्कळांची अल्फा मंदावते. इतके ते नाते थेट असते.

परंतु हा विद्युतदाब केवळ मायक्रोव्होल्टमध्ये असतो, म्हणजे व्होल्टचे काही दशलक्षांश. रुग्णाने दात आवळले तरी सगळा आलेख काळा होतो. एखादा इलेक्ट्रोड नीट चिकटला नसेल, तर भिंतीतल्या विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा आवाज रेघेवर चढतो. मेंदूचे चुंबकीय क्षेत्र तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असते. ते मोजण्यासाठी खास कवच असलेली खोली लागते. लहर म्हणजे लाखो चेतापेशी एका ठेक्यात काम करत असल्याची बाहेरून दिसणारी खूण आहे. ती कुठे जात नाही, कुणाला नेतही नाही. म्हणून तुमच्या कल्पनेतला ‘लहरींमुळे मेंदू सरकतो’ हा दुवा मला मान्य करता येत नाही.

शिरीष (गिरगाव)

रेषाताईंचे म्हणणे योग्य आहे, पण या विषयात इतिहासाची एक विलक्षण गाठ आहे आणि ती इथे यायलाच हवी. माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख पहिल्यांदा काढणारे हान्स बर्गर यांनी हे काम हाती घेतले ते अशाच एका अनुभवामुळे. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाडीच्या चाकाखाली येता येता वाचले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्यांच्या बहिणीला भाऊ संकटात असल्याची तीव्र जाणीव झाली आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. एका मनातली भीती दुसऱ्या मनाला पोचली, असा बर्गर यांचा ठाम समज झाला आणि मनाच्या ऊर्जेला मोजण्याजोगे शारीरिक रूप शोधण्यात त्यांनी आयुष्य घातले. येना येथे १९२४मध्ये त्यांनी पहिला आलेख काढला आणि १९२९मध्ये तो प्रसिद्ध केला. विचारसंक्रमण त्यांच्या हाती लागले नाही; अल्फा लहर लागली. आज अपस्माराच्या असंख्य रुग्णांचे निदान तिच्या वारशावर चालते. म्हणून विहंग यांचा प्रश्न विचारण्यासारखाच नाही, असे कुणी म्हणू नये.

सुमेधा (मुलुंड)

मी अनुभव लिहिते. माझे आजोळ कोकणात आहे. एका पावसाळ्यात मला स्वप्न पडले की परसातल्या विहिरीची कठड्याची भिंत आत कोसळली आहे आणि पाणी लाल मातीने गढूळ झाले आहे. सकाळी मी आईला ते सांगितले. त्याच आठवड्यात मामांचा फोन आला की भिंत पडली. पाण्याचा रंगही त्यांनी न विचारता सांगितला. मी अंधश्रद्ध नाही, गंडेदोरे मानत नाही. पण त्या फोनवर माझ्या अंगावर काटा आला होता, आणि ‘योगायोग’ एवढा एकच शब्द उच्चारून कुणी तो पुसू नये, असे मला वाटते.

अनिरुद्ध (चेंबूर)

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून काळाच्या बाजूने लिहितो.

भविष्याकडे जाणारा कालप्रवास ही सिद्ध झालेली गोष्ट आहे. १९७१मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सिझियमची आण्विक घड्याळे नेहमीच्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. भूतकाळ पाहणे तर आणखी सोपे आहे. हिवाळ्यात मरीन ड्राइव्हवरून व्याध तारा दिसतो, त्याचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला असतो. भूतकाळात परत जाण्याबद्दल बोलायचे, तर १९४९मध्ये गणिती गोडेल यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांचे असे एक उत्तर काढून दाखवले की ज्यात पुढे पुढे जात माणूस स्वतःच्या भूतकाळात पोचू शकेल. मात्र त्यासाठी सबंध विश्व फिरते असावे लागते आणि आपले विश्व तसे असल्याचा पुरावा नाही.

सारे क्षण अस्तित्वात आहेत, असे विहंग यांच्याप्रमाणे क्षणभर मानू. तरीही त्यातून भविष्याची आठवण निघत नाही, कारण आठवण ही भौतिक खूण आहे. चेतापेशींमधले जोड बदलतात तेव्हा ती तयार होते आणि ती उमटताना थोडी उष्णता बाहेर टाकली जाते. वाळूवर पाऊल पडल्यानंतर ठसा उमटतो, आधी उमटत नाही. मेंदू याला अपवाद ठरायचा असेल, तर उष्मागतिकीचा दुसरा नियमच, म्हणजे बाहेर पसरलेली उष्णता आपोआप परत गोळा होत नाही हा नियम, मोडावा लागेल. झोपल्याने तो नियम सैल होतो, असे मानायला मला कोणताही आधार सापडत नाही.

प्राजक्ता (बोरिवली)

सुमेधाताई, तुमचा अनुभव खोटा आहे असे मुळीच म्हणायचे नाही, फक्त एक हिशेब मांडते. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. प्रत्येकाला रात्री चार स्वप्ने पडतात असे धरले, तर या एका शहरात रोज सुमारे ५ कोटी स्वप्ने पडतात. एखादे स्वप्न पुढच्या घटनेशी निव्वळ योगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी क्षुल्लक मानली, तरी रोज सकाळी पन्नास मुंबईकर असे उठतील की ज्यांचे स्वप्न खरे ठरणार आहे. ते पन्नास जण बोलतील; बाकीची स्वप्ने दात घासता घासता विसरली जातील.

सुमेधा (मुलुंड)

प्राजक्ता, तुझा हिशेब समजला. पण दहा लाखांत एक हा आकडा तू मानून घेतला आहेस. भिंत, विहीर, पाण्याचा रंग आणि वेळ अशा चार गोष्टी एकत्र जुळण्याची शक्यता किती धरायची, हे कोण ठरवणार?

शिरीष (गिरगाव)

हा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. याच प्रश्नापाशी जे. डब्ल्यू. डन अडले होते. ते ब्रिटिश विमान अभियंते होते आणि १९२७मध्ये त्यांनी स्वप्ने व काळ यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. १९०२मध्ये दक्षिण आफ्रिकेत सैन्यात असताना त्यांना एका बेटावर ज्वालामुखी फुटणार असल्याचे स्वप्न पडले आणि स्वप्नात ते ‘चार हजार माणसे मरतील’ असे ओरडत होते. पुढे वर्तमानपत्र हाती आले, त्यात मार्टिनिक बेटावरच्या माँ पेले ज्वालामुखीची बातमी होती. ‘चार हजार’ हा आकडाही तिथे असल्याचे त्यांनी वाचले. खूप वर्षांनी ती बातमी उतरवून काढताना त्यांच्या लक्षात आले की छापलेला आकडा चाळीस हजार होता आणि त्यांनी तो चुकीचा वाचला होता.

यातून दोन अर्थ निघतात. स्वप्नाने भविष्यातली घटना दाखवलेली नसून भविष्यात केलेले चुकीचे वाचन दाखवले, असे डन यांनी मानले. दुसरा अर्थ असा की बातमी वाचल्यानंतर स्वप्नाची आठवणच तिच्याप्रमाणे घडली गेली. ही शंका स्वतः डन यांनाही आली होती आणि म्हणूनच जाग येताच स्वप्न लिहून काढण्याचा त्यांनी आग्रह धरला.

वसंत (विलेपार्ले)

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार जुना आहे आणि तो भाबडा नाही. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्वप्नावर स्वतंत्र विवेचन आहे. तिथे स्वप्नसृष्टी ही माया आहे असे सांगून लगेच पुढच्या सूत्रात स्वप्न शुभाशुभाचे सूचक असते हेही म्हटले आहे. म्हणजे स्वप्नातली वस्तू खरी नाही, पण तिच्याकडून काही कळू शकते, अशी ती भूमिका आहे. तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात झाला आणि बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाला, हे वारकरी परंपरा आजही सांगते.

काळाच्या वेगळ्या गतीचे उदाहरण हवे असेल, तर भागवतातला ककुद्मी राजा पाहा. तो मुलगी रेवती हिला घेऊन वर विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, तिथे गायन संपेपर्यंत थांबला आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की ककुद्मी जागा होता. त्याचा काळ दुसऱ्या लोकात गेल्याने बदलला. याउलट योगवासिष्ठातला लवण राजा दरबारात सिंहासनावर बसल्या बसल्या दुसरे आयुष्य जगून येतो, आणि दरबारातल्या लोकांच्या लेखी थोडाच वेळ गेलेला असतो. बाहेरचा काळ आणि मनातला काळ यांची गल्लत आपल्या पूर्वसूरींनी केली नाही, आपणही करू नये.

केतकी (पवई)

वसंतकाकांनी केलेला हा भेद फार उपयोगी आहे. मनातल्या काळाविषयी प्रयोगशाळेत जे कळले आहे ते लिहिते.

आपण स्वप्नात आहोत हे ज्यांना स्वप्नातच उमगते, अशा माणसांवर कीथ हर्न यांनी १९७५मध्ये आणि पुढे स्टीफन लाबर्ज यांनी प्रयोग केले. आरईएम झोपेत हातपाय जखडलेले असतात, पण डोळे हलतात. म्हणून झोपेतला माणूस ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण करू शकतो. लाबर्ज यांनी त्यांना खूण करून स्वप्नात आकडे मोजायला सांगितले. मोजायला लागलेला वेळ जागेपणाइतकाच निघाला. २०२१मध्ये तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारून उत्तरे मिळवली. ‘आठातून सहा गेले’ असे विचारल्यावर एकाने झोपेतच डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले. प्रत्येक वेळी उत्तर आले नाही, पण आले तेव्हा ते संशोधकांच्या घड्याळातल्या त्याच क्षणी आले. विहंगदादा, स्वप्न पाहणारा मेंदू दुसऱ्या काळात गेलेला असता, तर हा संवाद कसा झाला असता? ‘स्वप्नात वर्षे गेली’ असे वाटते, त्याचे कारण मला असे दिसते की स्वप्न मधले तुकडे गाळून पुढे जाते आणि गाळलेल्या भागाची जाणीव आपल्याला राहत नाही.

मयूर (कांदिवली)

लोकलमध्ये डुलकी लागली की हे मला नेहमी दिसते. ‘पुढील स्टेशन अंधेरी’ ही घोषणा माझ्या स्वप्नात शाळेतल्या बाई हजेरी घेताना म्हणतात, आणि त्या हजेरीआधीचा सगळा वर्गही मला आठवत असतो. घोषणा कानावर पडल्यावर मेंदू तिच्यामागची गोष्ट उलट्या दिशेने रचतो का?

केतकी (पवई)

तसे असण्याची शक्यता मी बरीच मानते. एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड मोरी यांनी हाच प्रश्न मांडला होता. फ्रेंच राज्यक्रांतीतला खटला, मिरवणूक आणि अखेर गिलोटिन असे लांबलचक स्वप्न पडून ते जागे झाले, तेव्हा पलंगाची दांडी मानेवर पडलेली होती. स्वप्न दांडीनंतर क्षणात रचले गेले, की चालू स्वप्नाला दांडीने शेवट दिला, की आठवण जागे झाल्यावर जुळवली गेली, यावर तेव्हापासून वाद आहे.

नंदिनी (ठाणे)

मध्येच एक विचारते. पृथ्वीची नैसर्गिक कंपनसंख्या ७.८३ हर्ट्झ आहे आणि ती ध्यानातल्या मेंदूलहरींशी जुळते, असे सांगून ध्वनिफिती विकल्या जातात. त्या ऐकल्याने स्वप्ने बदलतात का?

रेषा (परळ)

नंदिनीताई, जमीन आणि वरचे आयनावरण (वातावरणाचा विद्युतभारित थर) यांमधल्या पोकळीत विजांमुळे घुमणाऱ्या त्या विद्युतचुंबकीय लहरी खऱ्या आहेत, शुमन यांनी १९५२मध्ये त्यांचे भाकीत केले होते. आकडा थीटा-अल्फाच्या सीमेवर पडतो एवढेच साम्य आहे. ती लहर अतिशय क्षीण असते आणि ध्वनिफितीतला आवाज ही तर वेगळीच गोष्ट आहे. मात्र लुकलुकत्या प्रकाशाची ॲप आणि चष्मे यांबाबत काळजीने सांगते: आम्ही ईईजी काढताना झगमगता दिवा मुद्दाम लावतो, कारण काही अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत त्याने झटक्याच्या खुणा उमटतात. घरात कुणाला फिट येत असेल, तर असले प्रयोग करू नका.

केतकी (पवई)

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण विहंगदादांच्या कल्पनेतला एक भाग मला खरोखर मौल्यवान वाटतो. मेंदू झोपेत काळात मागेपुढे करतो, हे एका अर्थाने खरे आहे. १९९४मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागात, पाहिले की फिरताना ज्या पेशी एकत्र जागृत झाल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र जागृत होतात. पुढच्या संशोधनात दिसले की ही उजळणी गाढ झोपेत मूळ प्रवासापेक्षा कितीतरी पट वेगाने होते. विहंगदादांना हवा असलेला आकुंचित काळ इथे सापडतो, आणि तो डेल्टा लहरींच्या झोपेत सापडतो.

भविष्याची बाजूही याच जागी आहे. ज्यांचा हिप्पोकॅम्पस निकामी झाला आहे, अशा रुग्णांना ‘समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, वर्णन करा’ असे सांगितले तर त्यांच्या कल्पनेत तुटक तुकडेच येतात, हे डेमिस हासाबिस आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये दाखवले. आठवण आणि कल्पना यांना बरीचशी एकच यंत्रणा लागते. एंडेल टुल्विंग यांनी या क्षमतेला मानसिक कालप्रवास असेच म्हटले आहे. तेव्हा सुमेधाताईंचा मेंदू त्या रात्री पुढच्या आठवड्यात गेला नसेल, पण पुढचा आठवडा रचत होता, असे मी म्हणेन. ताई, त्या भिंतीबद्दल तुम्हाला आधी काही माहीत होते का?

सुमेधा (मुलुंड)

होय. भिंतीला तडा गेल्याचे मामा उन्हाळ्यातच बोलले होते, आणि आमच्याकडची माती लाल आहे हे तर लहानपणापासून डोळ्यांत बसले आहे. केतकी, तुझे स्पष्टीकरण मला पटण्यासारखे वाटते आणि त्यात माझ्या अनुभवाचा अपमानही नाही. तडा गेलेली भिंत, तो पाऊस आणि आजोळची काळजी हे सगळे मनात होते आणि झोपेत ते एकत्र आले. तरीही भिंत नेमकी त्याच आठवड्यात पडावी, एवढी एक बाब माझ्यापुरती शिल्लक राहते, आणि ती तशीच राहू द्यायला माझी हरकत नाही.

विहंग (दादर)

सर्वांचे मनापासून आभार. रेषाताईंमुळे लहरींचा दुवा मी सोडतो. केतकीने सांगितलेल्या झोपेतल्या संवादाला माझ्याकडे उत्तर नाही. पण स्वप्नात भविष्याचा अंश असतो का, हा प्रश्न अनुमानाने मिटवण्यापेक्षा नोंदींनी तपासावा, असे मला फार वाटते. आपण काही जणांनी स्वप्ने लिहून इथे तारखेसह टाकली तर?

शिरीष (गिरगाव)

इथे उघड टाकू नयेत. १९६६मध्ये वेल्समधल्या ॲबरफान गावात कोळशाच्या खाणीचा ढिगारा शाळेवर कोसळून १४४ माणसे मेली, त्यांत ११६ मुले होती. त्याआधी अनेकांना पूर्वसूचना मिळाल्याचे ऐकून जॉन बार्कर या मानसोपचारतज्ज्ञांनी पुढच्या वर्षी एका वर्तमानपत्राच्या मदतीने पूर्वसूचना आधीच नोंदवणारी कचेरी चालवली. नोंदी पुष्कळ आल्या, जुळल्या त्या थोड्या, आणि त्याही बहुतेक दोनच माणसांच्या होत्या. शिवाय भाकीत सर्वांनी वाचलेले असले की जो तो जुळणी शोधत बसतो.

प्राजक्ता (बोरिवली)

मग नियम असे करू या. जाग येताच, मोबाइल न पाहता, उशाशी ठेवलेल्या वहीत लिहायचे. डोळे उघडण्याआधी पडल्या पडल्या स्वप्न शेवटाकडून मागे आठवले तर तपशील टिकतात. त्याच सकाळी पानाचे छायाचित्र आपल्यापैकी एकाकडे पाठवायचे आणि त्याने ते महिनाभर कुणाला दाखवायचे नाही. दिवसभरातल्या घटना वेगळ्या वहीत लिहायच्या. जुळणी ठरवणारी व्यक्ती स्वप्न पाहणारी नसावी.

अनिरुद्ध (चेंबूर)

यात एक भर घालतो, कारण सुमेधाताईंच्या ‘शक्यता कोण ठरवणार’ या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळेल. पारखणाऱ्याला स्वप्ने आणि घटना यांच्या तारखा काढून द्यायच्या. प्रत्येक स्वप्नाची तुलना त्याने आधीच्या आठवड्याशी, नंतरच्या आठवड्याशी आणि दुसऱ्याच कुणाच्या आठवड्याशी, कोणता कोणाचा हे न कळता, करायची आणि गुण द्यायचे. आधीच्या आठवड्याला जास्त गुण पडतील, अशी माझी अपेक्षा आहे. नंतरच्या आठवड्याला परक्या आठवड्यापेक्षा जास्त गुण पडले, तर आधी केतकीच्या म्हणण्याप्रमाणे माहितीवरून बांधलेले अंदाज वेगळे काढावे लागतील. त्यानंतरही काही उरले, तर उष्मागतिकीबद्दल मी वर लिहिलेले सगळे पुन्हा तपासायला मी स्वतः बसेन.

सुमेधा (मुलुंड)

पारखण्याचे काम मी घेऊ नये, हे उघड आहे. वही मात्र आज रात्रीपासून ठेवते.

रेषा (परळ)

मी पारखायला तयार आहे. तारखांविना रेघा वाचायची मला सवय आहे. छायाचित्रे माझ्याकडे नकोत, ती प्राजक्ताने सांभाळावीत आणि तारखा काढूनच मला द्यावीत.